बोडकी फोर्ड आणि तिच्या मिस्त्रीचे घर

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, चटईच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, जुन्या मोटारी पुन्हा चालत्या करून देणारे एक वर्कशॉप आहे. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ असे सतरा महिने माझी एक गाडी तिथे होती आणि त्या अनुभवाविषयी हे लिहीत आहे. वर्कशॉपचे नाव देत नाही, कारण मालक वर्षाला दोनच गाड्या हाती घेतात आणि नाव छापून आले की नुसते बघायला येणाऱ्यांची रीघ लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे मलाही तेच बरे वाटते. ज्याला खरोखर गरज आहे, त्याला अजिंठा रस्त्यावरच्या कोणत्याही लेथवाल्याकडे चौकशी केली तर पत्ता मिळेल.

प्रथम गाडीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण ती सरळ कोणत्याही एका कंपनीची नाही. माझ्या आजोबांनी ती १९६१ साली भुसावळच्या एका रेल्वे फिटरकडून विकत घेतली. आमचे गाव सावदा-फैजपूर पट्ट्यातले, शेती केळीची. गाडीला मडगार्ड नाहीत, टप नाही, बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे पत्रे नाहीत आणि इंजिन उघडे दिसते, म्हणून गावात तिला सगळे ‘बोडकी फोर्ड’ म्हणत. आजोबांनी ती दोन-तीन उन्हाळे चालवली, मग तिचे मागचे एक चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि कडबा कापण्याचे यंत्र फिरवले, आणि पेट्रोलचा हिशेब पाहिल्यावर तेही बंद केले. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ती खळ्यातल्या पडवीत उभी होती. तिच्यावर केळीच्या घडांना गुंडाळायचा सुका पाला रचला जाई, आणि माझ्या पिढीतल्या प्रत्येक पोराने तिच्या स्टिअरिंगशी बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढलेला आहे.

अशा गाडीला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. तिकडे तरुण मुलांनी भंगारातून स्वस्त फोर्ड उचलायच्या, मडगार्ड आणि टप काढून वजन कमी करायचे, इंजिन मोठे बसवायचे आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यत लावायची, असा हा १९३० च्या दशकातला छंद होता. या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना तिथे १९३७ साली स्थापन झाली. त्यासाठी दोन फोर्ड सर्वांत सोयीच्या होत्या. एक म्हणजे १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत सुमारे ४८ लाखांच्या संख्येने निघालेली ‘मॉडेल ए’, चार सिलिंडर आणि ४० अश्वशक्तीची. आणि दुसरी १९३२ साली आलेली ‘व्ही-८’, जिच्यामुळे आठ सिलिंडरचे इंजिन सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले. मॉडेल ए चे हलके अंग आणि व्ही-८ चे इंजिन, ही जोडी तिकडे घरोघर जुळवली गेली. आमच्या गाडीतही नेमकी तीच जोडी आहे. ती बनवणाऱ्या भुसावळच्या मिस्त्रीने कॅलिफोर्नियाचे नाव ऐकले होते की नाही, याविषयी त्याच्या घरच्यांनी पुढे जे सांगितले ते योग्य ठिकाणी येईल.

गाडी वर्कशॉपमध्ये उतरवली त्या दिवशी मला पहिला धक्का बसला तो त्यांनी ती धुण्यास नकार दिल्याचा. मी गावाहून निघताना पोरांकडून तिच्यावर पाण्याचा फवारा मारून घेतला होता, त्याबद्दल मुख्य फिटर, ज्यांना तिथे सगळे नाना म्हणतात, चक्क रागावले. त्यांचे म्हणणे असे की चिखल, वंगण आणि गंज यांच्या थरांवरून कोणता भाग कधी बसवला हे ओळखता येते, आणि फवाऱ्याने मी निम्मी ओळख घालवली होती. पुढचे चार दिवस दोन पोरे फक्त फोटो काढत होती. जो भाग निघेल त्याला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधायचा, बिल्ल्यावर ठोकून आकडा घालायचा, तोच आकडा लांब वहीत लिहायचा आणि भाग खताच्या रिकाम्या गोणीत ठेवायचा, अशी त्यांची पद्धत आहे. मोडका, कुजलेला, निरुपयोगी तुकडासुद्धा फेकला जात नाही. गाडी परत घेताना त्या गोण्याही सोबत देतात. त्या वेळी मला हा प्रकार अतिरेकी वाटला होता, विशेषतः गोण्या ठेवण्याच्या जागेचे भाडे बिलात वेगळे धरतात हे समजल्यावर.

चौथ्या दिवशी नानांनी मला फोन करून बोलावले आणि एक बोल्ट हातात ठेवला. फोर्डचे सगळे नट-बोल्ट अमेरिकन मापाचे असतात आणि त्यांच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. गाडीच्या मूळ सांगाड्यावर तसेच बोल्ट होते; पण जिथे जिथे कोणीतरी नंतर हात घातला होता, म्हणजे इंजिनाच्या बैठकीच्या पट्ट्या, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, रेडिएटरचे कान, तिथे तिथे ५५ अंशांच्या कोनाचे ब्रिटिश व्हिटवर्थ आटे होते. गावातल्या गॅरेजवाल्याने अशी गाडी जोडली असती तर त्याने डिस्पोजलच्या, म्हणजे युद्धानंतर विक्रीला निघालेल्या लष्करी मालातले मिळतील ते बोल्ट ठोकले असते. एकाच जातीचे, एकाच लांबीचे, टोके कानशीने गोल केलेले व्हिटवर्थ बोल्ट सबंध गाडीभर सापडतात, याचा अर्थ त्या माणसाच्या हाताशी रेल्वेचा माल आणि हातात रेल्वेची शिस्त होती. पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, मागचे कान वेल्डिंगने चिकटवलेले नव्हते, तर लाल तापवलेले रिवेट ठोकून बसवलेले होते, जसे बॉयलरवर बसवतात. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी पितळेचा जो नळ होता, त्याच्या दांडीवर जी. आय. पी. ही अक्षरे ओतलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मध्य रेल्वे झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी. तेव्हा नळ त्याआधीचा असणार. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, चेसिसच्या डाव्या पट्टीवर, गिअरबॉक्सच्या झाकणावर आणि आणखी दोन ठिकाणी एकच आकडा ठोकलेला होता: ३१८, भोवती छिन्नीने काढलेले छोटे वर्तुळ.

दुसऱ्या कोणत्याही गॅरेजात हा आकडा ग्राइंडरखाली गेला असता, हे मी अनुमानाने म्हणत नाही. यापूर्वी मी ही गाडी दुसऱ्या एका शहरातल्या नावाजलेल्या ठिकाणी दाखवली होती. तिथे मला चेसिस वाळूच्या माऱ्याने पांढरा करून, भेगा पुट्टीने भरून, लालभडक रंग आणि क्रोमचे नळकांडे यांसह सहा महिन्यांत ‘शोरूमसारखी’ गाडी देण्याचे आश्वासन मिळाले होते, आणि खरे सांगायचे तर मी मोहात पडलोही होतो. जळगावच्या या लोकांनी मला रंगाच्या बाबतीत साफ निराश केले. त्यांनी जुन्या रंगाचे थर एका नाण्याएवढ्या जागेत एकेक करून घासून दाखवले: वर आजोबांनी ब्रशने मारलेला निळा, त्याखाली काळा, त्याखाली तांबूस तपकिरी. तो तपकिरी रंग ठेवायचा, जिथे गेला आहे तिथे नुसते तेल चोळायचे, असे त्यांनी ठरवले आणि मला राजी केले. गाडी आज पाहणाऱ्याला अपुरी वाटते. लग्नाच्या वरातीसाठी कोणी ती मागणार नाही.

इंजिनाचे काम मात्र अपुरे नाही. हे व्ही-८ दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडात बनलेल्या लष्करी ट्रकचे आहे. अशा फोर्ड आणि शेव्हरोले ट्रकांचा वापर भारतीय सैन्याने मोठ्या प्रमाणावर केला आणि युद्ध संपल्यावर ते डिस्पोजलमध्ये विकले गेले. क्षमता सुमारे ३.९ लिटर, ताकद ९५ अश्वशक्ती, म्हणजे मूळ मॉडेल ए च्या दुपटीहून अधिक. या इंजिनाच्या झडपा हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, म्हणून हेड तव्यासारखे सपाट असते. आणि त्याचा कुप्रसिद्ध दोषही याच रचनेतून येतो. जळलेला वायू बाहेर पडण्यासाठी ब्लॉकच्या आतून, भोवतीच्या पाण्यातून वाट काढतो, शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांची वाट एकच असते, त्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांना तीनच तोंडे मिळतात आणि वायूची बरीचशी उष्णता पाण्यात उतरते. थंड मुलखातसुद्धा ही इंजिने उकळतात. आमचा मुलूख भुसावळचा, जिथे मे महिन्यात ४५ अंश ही बातमी होत नाही.

त्या मिस्त्रीने यावर काय तोडगा काढला होता, हे पाहण्यासारखे आहे. त्याने मॉडेल ए चा रेडिएटर टाकून देऊन ट्रकचा मोठा रेडिएटर कापून बसवला होता, आणि त्याच्या डोक्यावर तांब्याच्या पत्र्याची, पितळी डाग दिलेली एक वाढीव टाकी चढवली होती, जिच्यात जवळपास एक घागर पाणी मावते. दोन्ही वॉटर पंपांची पाती त्याने हाताने घडवलेली होती, मूळ पात्यांपेक्षा लहान. वर्कशॉपच्या मालकांच्या मते पाणी फार वेगाने फिरून रेडिएटरमध्ये थंड होण्यास वेळच मिळू नये असे होत असावे, म्हणून त्याने पंप मुद्दाम मंद केले. या मताशी मी सहमत नाही, मला ते पाते केवळ मूळ सुटा भाग न मिळाल्यामुळे घडवलेले वाटते, आणि यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. वर्कशॉपमधल्या एका तरुण कामगाराने विजेचा पंखा बसवण्याचे सुचवले होते. मालकांनी ते नाकारले आणि आधी मिस्त्रीची व्यवस्था जशीच्या तशी चालवून पाहू, हरली तर पंखा लावू, असे ठरले. २०२३ च्या मे महिन्यात, सावलीत ४३ अंश असताना, वर्कशॉपच्या फाटकाशी गाडी वीस मिनिटे जागेवर चालू ठेवली. पाणी उकळले नाही. पेट्रोलची मात्र नळीतच वाफ झाली आणि इंजिन बंद पडले; नळीवर ओले फडके गुंडाळल्यावर पुन्हा सुरू झाले. ते ओले फडके हाच आजपर्यंतचा उपाय आहे.

सिलिंडरांना स्लीव्ह घातल्या, पिस्टन आणि हेडच्या तांब्याच्या गॅस्केट अमेरिकेतून मागवल्या; तिकडे या इंजिनाचे सुटे भाग अजून नव्याने बनतात, पण आयातकर आणि टपाल धरून ते इथे येईपर्यंत जवळपास दुप्पट पडतात. चाके जीपची आहेत, आणि ती मिस्त्रीनेच बसवलेली आहेत, कारण जुन्या फोर्डच्या हबवरचे पाच बोल्ट आणि जीपच्या चाकाची पाच भोके एकाच वर्तुळात बसतात. टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला जे माप चालते तेच, त्यामुळे ते शोधण्यास जळगावच्या बाहेर जावे लागले नाही. वायरिंग मूळ पद्धतीचेच, सहा व्होल्टचे आणि धन टोक चेसिसला जोडलेले ठेवले आहे. चार्जिंग करताना गावातल्या बॅटरीवाल्याला ते दरवेळी नव्याने समजावून सांगावे लागते.

ब्रेकच्या बाबतीत मी समाधानी नाही. मिस्त्रीने मॉडेल ए चे दांड्यांचे यांत्रिक ब्रेक तसेच ठेवले होते, वर्कशॉपनेही तसेच ठेवले. ९५ अश्वशक्तीच्या गाडीला ते अपुरे आहेत, हे मालक स्वतः मान्य करतात आणि चाळीसच्या वेगावर जाऊ नका, असे त्यांनी मला लेखी दिले आहे. जुने जपण्याचा आग्रह जिवाशी गाठ पडेल तिथे थोडा सैल करायला हवा होता, असे माझे मत आहे. हायड्रॉलिक ब्रेक नंतर काढता येतील अशा रीतीने बसवणे अशक्य नव्हते.

तक्रारींचा विषय निघालाच आहे, तर उरलेल्याही सांगून टाकतो. आठ महिने सांगितले होते, सतरा लागले. अंदाज तीन लाख वीस हजारांचा होता, अंतिम बिल चार लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेले. वाढीव रकमेतला प्रत्येक रुपया वहीत दाखवला जातो, परंतु तो खर्च झाल्यावर, आधी नव्हे. फोन उचलण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. काम पाहायचे असेल तर सरळ जावे, आणि गेल्यावर हातातले काम थांबवून ते तास-दीड तास सगळे दाखवतात. पावसाळ्याचे दोन महिने काम ठप्प होते, कारण लेथ चालवणारा माणूस शेतीच्या कामाला गावी गेला होता. मी स्वतः शेतकरी असल्यामुळे यावर रागावता आले नाही.

कागदपत्रांविषयी त्यांनी दिलेला सल्ला मात्र अगदी सरळ होता. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी तरतूद केली आहे: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावीत, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरात आणता येत नाही. पण त्यात एक अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. आमची गाडी म्हणजे नखशिखान्त फेरफारच. एजंट लोक यातूनही वाट काढून देऊ असे सांगत होते. वर्कशॉपच्या मालकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले की या गाडीला ती नोंदणी मिळेल असे समजून पैसे घालू नका, ती खासगी आवारातच चालेल आणि बाहेर न्यायची तर टेम्पोवर चढवून. म्हणून ती आज केळीच्या बागेतल्या रस्त्यावर फिरते, डांबरावर येत नाही. आजोबांच्या पेटीत तिचे पूर्व खानदेश जिल्ह्याच्या काळातले करभरणीचे दोन कागद निघाले, ते तेवढे काचेत लावले आहेत.

आता ज्या सेवेचे बिलात एक पैसाही दाखवलेला नाही, तिच्याविषयी. आकडा सापडल्यावर नानांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि एका रविवारी भुसावळला जाऊन, निवृत्त रेल्वे कर्मचारी सकाळी जिथे गप्पा मारत बसतात तिथे फिरवला. तिसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या बॉयलरमेकरने सांगितले की हा टिकिट नंबर आहे. शेडमधल्या प्रत्येक कामगाराला हजेरीसाठी असा क्रमांकाचा पितळी बिल्ला असे, आणि आपल्या हत्यारांवर तो ठोकून ठेवण्याची रीत होती. क्रमांक कोणाचा ते त्याला आठवेना. पण नानांनी गाडीचा फोटो दाखवल्याबरोबर त्याने मिस्त्रीचे नाव घेतले, कारण वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात भुसावळच्या लोको शेडच्या फाटकाबाहेर उभी राहणारी उघडी मोटार एकच होती.

मिस्त्री वारले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली आहेत. त्यांचे चिरंजीव, जे स्वतः बॉयलर विभागातून निवृत्त झाले, ते भुसावळातच राहतात आणि थोरल्या कन्या अमळनेरला. नानांनी फोन केला तेव्हा चिरंजिवांनी ‘आमचा त्या गाडीशी संबंध नाही’ असे सांगून तो ठेवून दिला. पुन्हा केला, उचलला नाही. मी उत्साहाने थेट त्यांच्या घरी जायला निघालो होतो, पण वर्कशॉपच्या मालकांनी मला थांबवले, आणि या प्रकरणात त्यांनी दाखवलेला शहाणपणा मला इंजिनाच्या कामापेक्षाही मोठा वाटतो. त्यांनी दोन महिने जाऊ दिले. मग आजोबांनी १९६१ साली केलेल्या सौदापावतीची प्रत, गाडीचे फोटो आणि तांब्याची ती टाकी घेऊन ते एकटेच गेले. चिरंजिवांनी टाकी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांचे पहिले वाक्य असे होते: “नळ लिलावातला आहे, त्याची पावती होती आमच्याकडे.” साठ-सत्तर वर्षांनंतर रेल्वेच्या मालाची चौकशी आली, अशीच त्या घराची समजूत झाली होती. शेडमधला फिटर स्वतःची मोटार बनवतो, याचा अर्थ त्याने माल चोरला, असा आरोप मिस्त्रींवर एकदा झाला होता, चौकशी झाली होती, काही सिद्ध झाले नव्हते. पण ती गोष्ट घरात कोणी बोलत नसे, आणि गाडी विकून टाकण्याचे तेही एक कारण होते. दुसरे कारण थोरल्या मुलीचे लग्न.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोघे भावंडे वर्कशॉपमध्ये आली. आक्का ८२ वर्षांच्या, भाऊ ७८ वर्षांचे. मालकांनी त्या दिवशी दुसरे सगळे काम बंद ठेवले होते आणि नानांच्या घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आली होती. हॉट रॉडचा प्रश्न मी विचारलाच. भाऊंनी सांगितले की वडिलांनी अमेरिका वगैरे काही पाहिले-वाचलेले नव्हते. एका जिनिंगच्या मालकाचे तेलावरचे इंजिन दुरुस्त केल्याच्या मजुरीत त्यांना झाडावर आपटलेली मॉडेल ए मिळाली, तिचे मडगार्ड आणि बॉनेट चेपलेलेच होते, म्हणून ते काढून टाकले. इंजिन फुटलेले होते, म्हणून डिस्पोजलचे आणले. आणि टप करायला पैसे नव्हते. गरजेने माणसे त्याच आकारापाशी पोचतात, एवढेच मी तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवले.

आक्का गाडीभोवती दोनदा फिरल्या. रंगाविषयी, इंजिनाविषयी काही बोलल्या नाहीत. डाव्या बाजूला थांबून त्यांनी विचारले, “माह्या मायची पायरी कुठी गेली?”

गाडी आली तेव्हा डाव्या अंगाला चेसिसखाली लोखंडी पट्टीची एक ओबडधोबड पायरी होती. ती आजोबांच्या वेळची असावी, कडब्याच्या यंत्राच्या वेळी कोणीतरी लावली असावी, असे मीच सांगितले होते, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी ती काढली होती. आक्कांची आई नऊवारी लुगडे नेसत. मडगार्ड नसलेल्या गाडीत चाकावर पाय देऊन चढणे त्यांना जमेना, म्हणून मिस्त्रींनी ती केली होती. जामनेरला माहेरी जाताना आई त्या पायरीवरून चढत आणि मुले मागच्या बाजूला खोक्यावर बसत. नाना एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेले, वही पाहिली आणि गोणी घेऊन आले. पायरी तीत होती, बिल्ल्यासकट, आणि तिच्या खालच्या बाजूला गंजाच्या थराखाली वर्तुळातले ३१८ होते. म्हणजे काढताना तिची खालची बाजू कोणीही घासून पाहिली नव्हती. सगळीकडे थर तपासणाऱ्या लोकांनी हा एक तुकडा ग्राहकाच्या सांगण्यावर सोडून दिला. गोण्यांच्या भाड्याविषयीची माझी कुरकुर मी त्या दिवसापासून मागे घेतली आहे.

पायरी परत बसवण्याचा प्रश्न सोपा नव्हता. ती मुळात गरम रिवेटने बसवलेली होती आणि ती काढताना रिवेटची डोकी छाटली गेली होती. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग उत्तम होते, बोल्ट तर होतेच, पण गरम रिवेट मारणारा माणूस त्यांच्याकडे नाही. नानांनी बोल्ट लावून द्यायचे सुचवले. भाऊंनी नकार दिला आणि पंधरा दिवसांनी स्वतःची डॉली (रिवेट मागून दाबून धरण्याचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडा घेऊन परत आले. भट्टी पेटवली, रिवेट पिवळसर लाल झाल्यावर नानांनी चिमट्याने भोकात सोडले, वर्कशॉपच्या पोराने खालून डॉली दाबून धरली आणि ७८ वर्षांच्या माणसाने वरून डोके घडवले. चार रिवेट. पहिला वाकडा गेला, तो छाटून पुन्हा मारला. शेवटच्या रिवेटनंतर ते बराच वेळ खाली बसून राहिले आणि पाणी मागितले. बिलात त्या दिवसाच्या नोंदीपुढे कोळशाचे दोनशे दहा रुपये आहेत.

एप्रिलमध्ये गाडी टेम्पोवर चढवण्याआधी आक्का पुन्हा आल्या आणि त्या पायरीवरून गाडीत चढल्या, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने त्यांची नात आधाराला. बसल्यावर त्यांनी सांगितले की पायरी पूर्वीपेक्षा चार बोटे उंच बसली आहे. भाऊंनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले की भोके तीच जुनी आहेत, टायरचे मापही तेच, उंची बदलणे शक्यच नाही, आक्कांचे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. मालकांनी तरीही वही उघडली आणि आक्कांच्या समोर लिहून घेतले: ‘डावी पायरी चार बोटे उंच, तपासणे.’ गाडी येऊन वर्ष उलटले. परवा पंपाचे पॅकिंग आणायला गेलो होतो, तेव्हा ती वही मी मुद्दाम मागून पाहिली. त्या ओळीवर काम झाल्याची रेघ अजून मारलेली नाही, आणि नाना म्हणाले की ती मारायची नाही.